शनिवारची फ्लॉपी

मालेतल्या आमच्या घरात माणसं तीन आणि कणग्या चार होत्या. थोरल्या दोघी बहिणी सासरी गेल्या तेव्हा त्यांची झोपायची जागा आता मला मिळेल, अशी माझी भाबडी समजूत होती. आईनं ती कांद्यांना देऊन टाकली. मुळशीकडचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना यात काही वावगं वाटणार नाही. एकदा त्यानं धरलं की भादव्यापर्यंत सोडायचं नाव नाही. ओढे फुगायचे, पौडचा बाजार लांब पडायचा आणि घरात असेल त्यावरच दिवस काढावे लागायचे. म्हणून वैशाख लागला की आईला दुसरं काही सुचत नसे. कणग्या शेणानं लिंपायच्या, आंबेमोहोर भरून वरून पेंढा दाबायचा, नाचणी वेगळी, वरई वेगळी. सुकट आणि बोंबील घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पापड-कुरडयांचा डबा फळीवर. मीठ मडक्यात आणि मडकं चुलीच्या उबेला. काडेपेट्या तांदळात खुपसून. सरपण आणि गोवऱ्या पडवीत अशा रचायच्या की दारातून आत शिरताना पोट आत घ्यावं लागे. मला तर लहानपणी वाटायचं की हे घर मुळात या जिनसांचं आहे आणि आपण तिघं त्यांची राखण करायला ठेवलेली माणसं आहोत.

पाऊस सुरू झाला की पत्र्यावर असा आवाज चाले की जेवताना एकमेकांना भाकरी मागायची तर हातानं खूण करावी लागे. ताटात नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि फार तर भाजलेला कांदा. त्या चवीवर मी आजही जीव टाकते, आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय ते त्या वेळी सोयीस्कर विसरते. मधूनच एखादा दिवस उघडीप मिळे. मग आई सकाळपासून एकेक डबा उघडून नाक खुपसून हुंगत फिरायची. कुठं पांढरा ठिपका दिसला की संपलंच. आमच्याकडे बुरशीला 'बुरा' म्हणत आणि आईचं त्याच्याशी हाडवैर होतं. पापडाला बुरा आला तर फडक्यानं पुसून उन्हात, चपलेला आला तर रॉकेलचा बोळा, गोधडीला आला तर रिठ्याचं पाणी. दादांच्या टोपीला एकदा आला तर तिनं टोपी दादांच्या डोक्यावरून उचलून बादलीत टाकली होती. दादा बोलता बोलता थांबले, डोक्यावरून हात फिरवला आणि पुढचं बोलू लागले.

दादा म्हणजे माझे वडील. सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. ठरवून दिलेल्या पट्ट्यातले खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी ठेवायची, दरड आली तर दगड बाजूला करायचे. दिवसभर रस्त्यावर असल्यामुळे त्यांना जगाची खबर असे. आपल्या वस्तीतली पोरगी बारावी झाली याचं त्यांना इतकं अप्रूप, की विहारातल्या वंदनेनंतर ते मला उगाच मोठ्यानं हाक मारायचे, लोकांनी वळून बघावं म्हणून. चहाच्या टपरीवर कुठल्याशा वर्तमानपत्रात त्यांनी पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या कोर्सची जाहिरात वाचली, तो कागद मागून घेतला, घडी करून टोपीत ठेवला आणि घरी येऊन मला म्हणाले, "सुमे, ह्ये शिक. ह्ये नवीन हाय, म्हंजी ह्यात कुनी आपल्या म्होरं गेलेलं न्हाई." तो कोर्स मी रोज एसटीचे धक्के खात पुरा केला, आणि त्याच्या जोरावर पिरंगुटजवळच्या एका छोट्या कारखान्यात मला काम मिळालं. तिथं यंत्रांना लागणाऱ्या स्प्रिंगा बनायच्या. मालक पुण्याचे, दामले साहेब. म्हणाले, श्रावण संपेपर्यंत काम बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू.

नेमकी हीच मुदत आमच्या घरातही चालू होती. पिरंगुटपलीकडच्या चांद्याला दादांची बहीण दिली होती. या आत्यानं माझ्या दोन्ही बहिणींची लग्नं जमवली होती, आणि आता माझ्यासाठी आपल्या शेजारचाच मुलगा हेरून ठेवला होता. मुलगा सज्जन होता, त्याच्याविषयी वाईट बोलायला आजही माझ्याकडे काही नाही. पण त्याच्या घरच्यांचं म्हणणं होतं की सुनेनं पडदे लावलेल्या खोलीत बसून मशीन चालवायचं आमच्यात नाही, लग्नानंतर नोकरी बंद. दादा माझ्या बाजूनं होते, पण बहिणीसमोर त्यांचं तोंड उघडत नसे. निर्णय आईवर आला, आणि तिनं तो बाजारात भाव ठरवावा तसा ठरवून टाकला. "सरावनापतुर नोकरी कायम झाली तर मी सोता वन्संना न्हाई म्हनीन. न्हाई झाली, तर पोरगं बगायला यील आन तू गुमान च्या घिऊन भाईर येशील. कबूल?" मी कबूल म्हटलं. दुसरं म्हणायला जागाच ठेवली नव्हती तिनं.

तर त्या पडदेवाल्या खोलीविषयी. कारखान्यात सगळीकडे तेल, लोखंडाचा कीस आणि ठणठणाट. पण एका कोपऱ्यात प्लायवुड ठोकून खोली केली होती आणि तिच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. आत हिरव्या अक्षरांचा एक कॉम्प्युटर, त्याच्यावर फुलाफुलांचं कापड, एक टेबलफॅन आणि मी. दामले साहेब स्वतःसुद्धा आत येताना पाय पुसायचे. खिडकी उघडायची नाही, धूळ येते. पडदा सरकवायचा नाही, ऊन येतं. मावळातल्या पावसाळ्यात ऊन कुठून येणार होतं कोण जाणे, पण पुण्याच्या माणसाला ते कसं सांगायचं. या यंत्राच्या पोटात स्वतःचं असं काही राहत नसे. त्याला दोन फटी होत्या. एका फटीत प्रोग्रॅमची फ्लॉपी सरकवायची, दुसरीत आपल्या माहितीची, आणि खटका खाली पाडायचा. मग घर्र, खट, घर्र, खट असं करत ते वाचायला लागे. वीज गेली की सगळं विसरलं. राहायचं ते फक्त फ्लॉपीवर.

आजच्या मुलांना फ्लॉपी दाखवायला माझ्याकडे एकही शिल्लक नाही, म्हणून सांगते. हातात मावेल असा काळा चौकोनी पाकीटवजा तुकडा, कागदाहून जाड, पुठ्ठ्याहून पातळ. मधे गोल भोक आणि खाली एक लांबट खिडकी, तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसायची. त्या तबकडीवर कारखान्यात बनणाऱ्या प्रत्येक स्प्रिंगेचं माप मी रोज थोडं थोडं टाइप करत होते: तार किती जाड, वेढे किती, लांबी किती, कुणासाठी बनवली. जुन्या माणसांच्या डोक्यात आणि फाटक्या चिटोऱ्यांवर जे वर्षानुवर्षं पडलं होतं ते सगळं त्यात जाणार होतं. दीड-दोनशे पानांचा मजकूर एका फ्लॉपीत मावतो म्हटल्यावर कारखान्यातली माणसं दाराच्या काचेतून डोकावून बघायची. परवा माझ्या भाच्यानं मिसळीचा एक फोटो पाठवला. हिशेब केला तर तसल्या दहा फ्लॉप्यांतही तो एकटा फोटो बसला नसता. बरं, मिसळ बरी होती का, तर नव्हती म्हणाला. तरी तो फोटो त्याच्या फोनमध्ये आहे, माझ्या फोनमध्ये आहे, आणि बहुधा आम्ही दोघं नसू तेव्हाही कुठंतरी असेल.

जूनच्या शेवटी कारखान्याचं छत एका जागी गळायला लागलं आणि दामले साहेबांना धास्ती बसली. त्यांनी फ्लॉपीची दुसरी प्रत काढायला लावली आणि म्हणाले, "ही या इमारतीत ठेवायची नाही. इथं पाणी शिरलं, आग लागली, तरी माहिती दुसऱ्या जागी सुरक्षित राहिली पाहिजे. मी पुण्याला नेली असती, पण माझ्या स्कूटरवर ती भिजेल. तुम्ही एसटीनं जाता. दर शनिवारी नवी प्रत काढा आणि घरी ठेवा." मग त्यांनी नियम सांगितले. वाकवायची नाही. खिडकीला बोट लावायचं नाही. ऊन नको, ओल नको, धूळ नको, लोहचुंबक तर नकोच नको. घरी जाऊन मी तेच नियम जसेच्या तसे म्हणून दाखवले. दादा गंभीरपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हिच्यापरास तान्हं पोर बरं. त्ये रडून सांगतं तरी." पण न्यायची कशी हा प्रश्न त्यांनीच सोडवला. माझ्या शाळेतल्या दोन पाट्या माळ्यावरून काढल्या आणि एकमेकींवर पालथ्या ठेवल्या. लाकडी चौकटींमुळे मधे बरोबर पोकळी राहिली, तिच्यात फ्लॉपी न दबता बसली. वरून धुतलेलं धोतराचं पान गुंडाळून गाठ मारली. मी ते गाठोडं मांडीवर घेऊन एसटीत बसायचे. कंडक्टर दादांच्या ओळखीचा, त्याला सगळं कळलेलं. गर्दी झाली की ओरडायचा, "बाईच्या अंगावं पडू नका, कारखाना हाय मांडीवं." एक म्हातारी तर माझ्याकडे इतक्या कुतूहलानं बघत राहिली की मला वाटलं, आता ही गाठ सोडून दाखवायला सांगते की काय.

आईला मात्र हा सगळा प्रकार संशयास्पद वाटला. साठवण म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं, आणि या साठवणीत तिला काहीच दिसत नव्हतं. पहिल्या शनिवारी तिनं फ्लॉपी तळहातावर घेऊन बघितली. पुढच्या शनिवारी पुन्हा घेतली आणि भुवया चढवल्या.

"आठवडाभर ह्यात भरलंस म्हनतीस."

"व्हय."

"मग वजन तर तेवढंच हाय की."

मी म्हटलं, आये, याचं वजन वाढत नसतं. ती म्हणाली, "भरल्याली गोष्ट जड व्हती. ही न्हाई झाली, म्हंजी एकतर भरली न्हाई न्हाईतर तुमचा सायेब तुला रिकामीच देतुया." पुढं कितीतरी शनिवार ती हातात घेऊन बघायची, आणि दर वेळी माझ्याकडे अशा नजरेनं बघायची की फसवणूक होते आहे ती माझी, पण मला ते कळत नाही. तरी घरात आलेली वस्तू नीट राखायची हा तिचा धर्म होता. तिच्या मते घरातली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे सुकटीचा डबा, म्हणून फ्लॉपी तिथं गेली. पुढच्याच शनिवारी ती ऑफिसात नेली तेव्हा दामले साहेब यंत्राजवळ वाकले आणि तसेच थबकले. "सुमनबाई, हिला कसला वास येतोय?" मी म्हटलं, "सुकटीचा, सर." साहेबांनी आयुष्यात सुकट पाहिली नसावी. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "नियमात ते लिहिलेलं नाही, पण नको."

आता मला हसू येतं, कारण साठवण हा शब्द दिवसातून चारदा कानावर पडतो. फोनमध्ये जागा संपली, जागा विकत घ्या, वरच्या वर ढगात ठेवा. ढगात ठेवलेलं आईला मान्य होणं शक्यच नव्हतं. ढगातून काय खाली येतं आणि कणगीचं काय करतं हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

सुकटीच्या डब्यातून हकालपट्टी झाल्यावर दादांनी फ्लॉपीचा ताबा घेतला. इतक्या मोलाची वस्तू मासळीत ठेवायची म्हणजे काय, असं म्हणत त्यांनी ती आमच्या पुस्तकांच्या फळीवर उभी केली, भिंतीला टेकवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. आई म्हणाली, "भिताड वलं हाय." दादा म्हणाले, "पुस्तकं ऱ्हात्यात, ती ऱ्हाईना व्हय." मी दोघांच्या मधे पडले नाही. शनिवारी पाट्यांमध्ये घालून न्यायची, नवी प्रत काढायची, संध्याकाळी आणून फळीवर ठेवायची. असे कितीतरी आठवडे गेले. पाऊस असा लागून राहिला होता की भिंतीवरचा चुना फुगून हातावर येई. फ्लॉपीकडे मी निरखून बघितलंच नाही. घाईत आत सरकवायची, घाईत बाहेर काढायची.

श्रावण सरत आला. साहेब म्हणाले होते, येत्या सोमवारी बोलू. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आभाळ अचानक स्वच्छ झालं. दादा आणि मी पौडला बाजाराला गेलो. दुपारी परत येताना लांबूनच दिसलं की आईनं अख्खं घर अंगणात काढलंय. गोधड्या दोरीवर, पापड खाटेवर, मिरच्या गोणपाटावर, दादांचे बूट कुंपणाच्या काट्यांवर उलटे. मी हसतच अंगणात शिरले. दोरीवर गोधडीच्या शेजारी एक काळं, चौकोनी, तीन बाजूंनी उसवलेलं काहीतरी वाळत होतं, आतून पांढरं अस्तर बाहेर काढलेलं. उशीचा अभ्रा वाळत घालावा तसं. मला काही क्षण ते काय आहे हेच कळेना. मग पडवीत सावलीला ठेवलेलं सूप दिसलं. सुपात स्वच्छ फडकं, आणि फडक्यावर एक तपकिरी गोल तबकडी. उघडी, ओलसर, चकाकणारी.

मी तिथंच पायरीवर बसले.

आई हात पुसत बाहेर आली. चेहऱ्यावर समाधान. "बुरा पडला व्हता त्येला. त्या खिडकीतनं दिसत व्हता पांढरा. म्या म्हनलं न्हवतं, भिताड वलं हाय? पदरानं पुसला तर जाईना. मग विळीनं कडा उसवली, आतली चकती काढली आन रिठ्याच्या पान्यानं हलक्या हातानं धुतली. घासली न्हाई. उनात बी न्हाई ठिवली, तू सांगितलंवतंस ऊन नगं. बग, डाग गेला का न्हाई."

डाग गेला होता. अगदी आरशासारखी स्वच्छ झाली होती ती.

"आये," मी म्हटलं, "ती धुवायची नसते."

"मग बुरा तसाच ठिवायचा?"

"साहेबांनी विश्वासानं दिली होती. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही म्हणाले होते. आणि उद्याच ते ठरवणार आहेत मला ठेवायचं का नाही. आता हे नेऊन त्यांच्यापुढं ठेवलं तर कोण ठेवील?"

आईनं माझ्याकडे बघितलं, मग सुपाकडे. तिचं समाधान उतरत गेलेलं मला दिसलं आणि मला फार वाईट वाटलं, पण माझाच जीव इतका घाबरा झाला होता की मी ते सावरायला गेले नाही. दादा म्हणाले, खरी फ्लॉपी कारखान्यात आहे ना, मग दुसरी प्रत काढता येईल. फक्त जे झालं ते खरं सांग, लपवू नको. संध्याकाळी आईनं ती वाळलेली तबकडी स्वतः मऊ फडक्यात गुंडाळली, दोन्ही पाट्यांच्या मधे ठेवली आणि गाठ मारली. दोरीवरचा अभ्राही घडी करून दिला, म्हणजे पुन्हा शिवता आला तर शिवावा. त्या रात्री पत्र्यावर पाऊस नव्हता, तरी जेवताना आम्ही भाकरी हातानं खूण करूनच मागितली.

सोमवारी कारखान्यात पोचले तर दामले साहेब चपला घालून खोलीत उभे होते. त्यावरूनच मला कळलं की काहीतरी मोठं बिघडलंय. सकाळी लवकर येऊन त्यांनी स्वतः यंत्र चालू केलं होतं, एका गिऱ्हाइकाचं माप बघायला. फ्लॉपी आत घातली, खटका पाडला, आणि घर्र-खटच्या ऐवजी करकर असा आवाज आला. बाहेर काढली तर खिडकीतल्या तबकडीवर बुरशीचे ठिपके आणि त्यातून गोल ओढलेला पांढरा चरा. बंद खिडक्या, ओढलेले पडदे, गळकं छत. बुरशीला आणखी काय हवं असतं. ती बुरशी यंत्रात गरगर फिरली आणि तिनं अडीच महिन्यांचं काम खरवडून काढलं. साहेब घाम पुसत म्हणाले, "तुमच्या घरची प्रत आणलीय ना?"

मी पाट्यांची गाठ सोडली. फडकं उलगडलं. नागडी तबकडी टेबलावर ठेवली आणि शेजारी तिचा घडी केलेला अभ्रा. मग जे झालं ते सगळं सांगितलं, भिंतीपासून रिठ्यापर्यंत. साहेब ऐकत होते, पण त्यांचे डोळे तबकडीवर होते. ऐकून झाल्यावर त्यांनी ती कडेनं उचलली, खिडकीपाशी गेले, आयुष्यात पहिल्यांदा पडदा बाजूला केला आणि उजेडात तिरकी धरून बघितली. चरा नाही, ठिपका नाही.

"कुणी सांगितलं त्यांना धुवायला?"

"कुणी नाही, सर. आई सगळंच धुते."

साहेब खुर्चीत बसले आणि हसायला लागले. मग त्यांनी एक कोरी फ्लॉपी घेतली, ब्लेडनं तिची एक कडा उघडली, आतली तबकडी काढून टाकली आणि तिथं आमची सरकवली. कडेला चिकटपट्टी लावली. फटीत घातली. खटका पाडायला त्यांनी मला सांगितलं, त्यांचा हात धजत नव्हता. मी पाडला. घर्र, खट. घर्र, खट. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागली. जाड तारेची पहिली स्प्रिंग, मग दुसरी, मग एकेक करत सगळ्या आल्या. शनिवारपर्यंतचं प्रत्येक माप. मी तोंडावर हात ठेवून बसून राहिले, कारण तेवढ्या छोट्या खोलीत मालकासमोर मोठ्यानं रडणं बरं दिसलं नसतं.

लगेच आम्ही चार प्रती काढल्या. मी विचारलं, सर, आज बोलायचं ठरलं होतं. ते म्हणाले, "कशाबद्दल? हां. अहो, तुम्ही आहातच आता. पत्र उद्या टाइप करा, तुमचं तुम्हीच करा, मी सही करतो." आणि थोड्या वेळानं पुन्हा आत डोकावले. "एक प्रत घरीच जाऊ द्या दर शनिवारी. फक्त भिंतीला टेकवू नका."

संध्याकाळी एसटी मालेला पोचेपर्यंत मला धीर निघत नव्हता. फाट्यावर उतरले ते चिखलातून जवळजवळ पळतच घरी आले. दादा दारात बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि आत मानेनं खूण केली. आई चुलीपाशी भाकऱ्या थापत होती आणि अंगावर तिचं बाहेर जायचं ठेवणीतलं लुगडं होतं. ते नेसून भाकऱ्या थापताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"आये, वाचली. सगळी वाचली. तू धुतलीस म्हणून वाचली. मी कायम झाले. आता तुझा शब्द पाळ, आत्याला नाही सांग."

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"सांगून आले."

"कधी?"

"सकाळच्यालाच. तुझ्या मागल्या येष्टीनं पिरंगुटला उतरले, तितनं चांद्याला गेले. तुझ्या कारखान्याम्होरनंच गेले, पन आत आले न्हाई. कुटल्या तोंडानं यायचं."

मला काही समजेना. सकाळी तर तिला ठाऊकच नव्हतं. सकाळी तिच्या लेखी माझी नोकरी गेलेली होती, तिच्याच हातानं. मी तिला तसं म्हटलं.

"व्हय, गेली व्हती," आई म्हणाली. "अट मी घातली व्हती ना, कायम झालीस तर न्हाई म्हनीन म्हनून? मग नोकरी माज्याच हातनं गेल्यावं अट कुटली ऱ्हायली? तुजी काय चूक व्हती त्यात? नोकरी गेली तर दुसरी घावंल. लगीन लागल्यावं मागारी कुटं जातीस?"

दादा दारातून आत बघत होते. मी चुलीपाशी तिच्या शेजारी बसले. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं, तरी मी तो हात धरला, आणि तिनं तो सोडवून घेतला नाही, तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी.

"आत्याला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"खरं त्ये सांगितलं. म्हनलं, वन्सं, पोरीची नोकरी गेलीया, तिला आता दुसरी हुडकायचीया. लग्नाला सवड न्हाई तिला."